नियतकालिकांच्या सूचीचे नियम : एक परीक्षण

(१)

ऐतिहासिक कागदांचा शोध करणारा मनुष्य दप्तरें, रुमाल आणि बाडें यांच्या मागें जितका हिंडतो तितका छापील मासिकांच्या मागें हिंडत नाहीं. कागद एकदां छापला गेला म्हणजे तो सुरक्षित झाला, अशी आपणां सर्वांची समजूत असते. ही समजूत खरी नाहीं. छापलेला कागदहि हरवतो. आणि पुष्कळ वेळां तो वाळवीनें किंवा पावसानें न हरवतां ग्रंथालयाच्या सूचींतील एका अपुऱ्या नोंदीनें हरवतो. नियतकालिकांची नोंद कशी करावी याविषयीं जे नियम ग्रंथालयशास्त्रांत रूढ झाले आहेत त्यांचें परीक्षण संशोधकाच्या दृष्टीनें करावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. लेखक ग्रंथपाल नाहीं. त्याचें आयुष्य शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेलें. परंतु सूचीचा उपयोग करणारास तिचे गुणदोष सांगण्याचा अधिकार असतो, कारण तिच्या चुकीचा दंड तोच भरतो.

हा दंड मीं स्वतः भरला आहे. एका देशपांडे घराण्याची कैफियत गेल्या शतकाच्या आरंभीं एका मासिकांत क्रमशः छापली गेली होती. मूळ कागद पुढें त्या घरांत वाळवीनें खाल्ले, म्हणून छापील पाठ हाच काय तो आधार उरला होता. कैफियतीच्या अखेरच्या हप्त्यांत एका इनामपत्राची नक्कल तिच्या मित्तीसह दिली आहे, असें मला एका जुन्या टिपणावरून कळलें होतें. इनाम घराण्याच्या कोणत्या पिढीस मिळालें हा वाद त्या एका मित्तीनें मिटणार होता. मासिकाचे अंक एका ग्रंथालयांत होते. तेथील सूचींत दोन नोंदी निघाल्या. एक मासिकाच्या नांवाखालीं, 'अपूर्ण' असा शेरा मारलेली. दुसरी पुस्तकांमध्यें, कैफियतीच्या नांवाखालीं, सालाशिवाय. कोणी तरी कैफियतीचीं पानें अंकांतून काढून त्यांचें वेगळें पुस्तक बांधून घेतलें होतें. त्या पुस्तकांत शेवटचा हप्ता नव्हता. मासिकाचें नांव मध्यंतरीं बदललें होतें, हप्ता नव्या नांवाच्या अंकांत होता, आणि त्या नव्या नांवाची तिसरी नोंद त्याच सूचींत होती. परंतु पहिल्या नोंदीवर तिचा उल्लेख नसल्यामुळें ती मला सांपडली नाहीं. हें सर्व उमगून मी पुन्हां तेथें गेलों तोंपर्यंत दोन वर्षें लोटलीं होतीं, आणि नव्या नांवाचे ते सुटे अंक 'आरंभ नसलेला संच' म्हणून रद्दींत निघाले होते. दोन्ही अर्धे एकत्र ठेवले असते तर संच जवळ जवळ पुरा होता.

त्या ग्रंथपालांस मी दोष देत नाहीं. नोंद जें सांगत होती त्यावरून ते अंक खरोखरच निराधार दिसत होते. दोष नोंदीचा होता. आणि ती नोंद नियमाच्या अक्षरास धरून, परंतु अर्ध्यावर सोडून, केलेली होती. त्या अंकाची दुसरी प्रत मला अद्याप मिळालेली नाहीं.

(२)

अशा एका अंकाच्या नाशाचें एवढें काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर आपल्या इतिहाससंशोधनाच्या घडणींतच आहे. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा फार मोठा भाग ग्रंथरूपानें नव्हे, तर नियतकालिकांतून तुकड्यातुकड्यांनीं प्रथम बाहेर आला. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं १८७८ सालीं काव्येतिहाससंग्रह सुरू केला, त्यांत काव्यांबरोबर बखरी व पत्रें हप्त्याहप्त्यांनीं येऊं लागलीं. त्यांतील पत्रें व यादी यांचें पुनर्मुद्रण सरदेसाई, कुलकर्णी व काळे यांनीं १९३० सालीं केलें, म्हणजे मधल्या सुमारें अर्ध्या शतकांत ज्यास तीं पत्रें हवीं होतीं त्यास मासिकाच्या जुन्या अंकांवांचून गति नव्हती. पारसनीस यांचें भारतवर्ष, त्यामागून १९०८ सालीं साताऱ्याहून निघालेला त्यांचाच इतिहाससंग्रह, विजापूरकरांची कोल्हापूरची ग्रंथमाला, हीं सर्व याच मार्गानें गेलीं. राजवाडे यांच्या साधनांच्या बावीस खंडांपैकीं पहिला १८९८ सालीं निघाला. पुढील कांहीं खंड मासिकांच्या आश्रयानेंच छापले गेले. तेव्हां 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' हा ग्रंथ आहे, माला आहे, कीं मासिकाचा भाग आहे, या प्रश्नाचें एकच उत्तर देतां येत नाहीं.

भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० सालीं पुण्यास स्थापन झालें. त्याचीं प्रकाशनें पाहिलीं तरी हेंच दिसतें. आरंभीं वार्षिक इतिवृत्तें व संमेलनवृत्तें, पुढें १९२० पासून त्रैमासिक, आणि त्यांच्या जोडीस ग्रंथमाला. एकाच संस्थेचा एकाच प्रकारचा उद्योग, परंतु तो वेगवेगळ्या नांवांच्या व क्रमांकांच्या प्रवाहांतून वाहिला. जो नवखा अभ्यासक 'मंडळाचें इतिवृत्त, शके १८३५' असा उल्लेख वाचून ग्रंथालयांत जातो आणि 'त्रैमासिक' या शब्दाखालीं शोधतो, तो रिकाम्या हातानें परततो, आणि असें कांहीं छापलेलेंच नसावें असा समज करून घेतो.

सारांश, ग्रंथाची नोंद चुकली तर एक ग्रंथ दिसेनासा होतो. नियतकालिकाची नोंद चुकली तर शेंकडों अस्सल कागद एकदम अंधारांत जातात.

(३)

आतां नियमांकडे वळूं. ग्रंथ एकदां छापून झाला म्हणजे त्याचें नांव, कर्ता व साल ठरून जातें. नियतकालिक जिवंत असतें. तें नांव बदलतें, गांव बदलतें, चालक बदलतें, कांहीं काळ बंद पडून पुन्हां उठतें, दुसऱ्यांत मिसळतें किंवा दुभंगतें. चालत्या वस्तूचें वर्णन स्थिर नोंदींत कसें बांधावें, हाच या शास्त्राचा मूळ प्रश्न आहे, आणि गेल्या पावणेदोनशें वर्षांत त्याचीं निरनिराळीं उत्तरें दिलीं गेलीं.

ब्रिटिश म्यूझियममध्यें पानिझी यांनीं केलेले एक्याण्णव नियम १८४१ सालीं छापले गेले. त्यांत सर्व नियतकालिकें एकाच सामान्य शीर्षकाखालीं गोळा करून पुढें प्रकाशनाच्या गांवावरून लावण्याची रीत होती. विद्वत्सभांचीं प्रकाशनें वेगळ्या शीर्षकाखालीं जात. ही रीत ज्यास गांव ठाऊक त्याच्या सोयीची. परंतु गांव बदललें म्हणजे तिचा पाया हलतो. १८४२ सालीं अहमदनगरास निघालेला ज्ञानोदय पुढें मुंबईस गेला. त्यास कोणत्या गांवीं शोधावें? १८७६ सालीं अमेरिकेंत कटर यांनीं आपले नियम प्रसिद्ध केले आणि नांवाच्या पहिल्या महत्त्वाच्या शब्दावरून नोंद करण्याची सोपी वाट रूढ झाली. त्यामुळें गांवाची अडचण गेली, आणि नांव बदलल्यास काय करावें ही अडचण उभी राहिली.

या अडचणीवर मुख्यतः दोन पक्ष झाले. इंग्लंड व अमेरिका येथील ग्रंथपालांच्या १९०८ च्या संयुक्त संहितेनें अखेरच्या नांवाचा पक्ष घेतला. नियतकालिकाचीं नांवें कितीहि बदललीं तरी सर्व संच शेवटच्या नांवाखालीं एकत्र नोंदावा, आणि जुन्या नांवांवरून तिकडे बोट दाखवावें. १९६७ च्या संहितेनें हा पक्ष सोडून क्रमिक नोंदीचा पक्ष घेतला. प्रत्येक नांवाची नोंद वेगळी, आणि प्रत्येक नोंदींत मागील व पुढील नांवाचा निर्देश. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनें तरीहि जुनी रीत १९७१ पर्यंत चालविली. १९७८ च्या दुसऱ्या संहितेनें क्रमिक पक्ष कायम ठेवला आणि वर्णन पहिल्या अंकावरून करावें असें ठरविलें. नांवांतला कोणता बदल मोठा व कोणता किरकोळ याचा निर्णय २००२ च्या सुधारणेनें अधिक स्पष्ट केला, आणि २०१० सालीं निघालेल्या नव्या संहितेंतहि तीच दिशा राहिली. नियतकालिकास आठ अंकी आंतरराष्ट्रीय क्रमांक देण्याची जी पद्धति १९७५ च्या सुमारास प्रमाणित झाली तीहि याच तत्त्वावर उभी आहे. नांव मुळापासून बदललें कीं क्रमांक नवा.

आपल्या देशांत रंगनाथन यांनीं १९३४ सालीं वर्गीकृत सूचीची संहिता प्रसिद्ध केली. नांव बदलणें, दोन नियतकालिकें एक होणें, एकाचीं दोन होणें, खंडांचे क्रम तुटणें, अशा गुंतागुंतीचा तींत पद्धतशीर विचार आहे. भारतीय लेखकानें या विषयावर मूलगामी लिहिलेलें असतां आपल्या ग्रंथालयांतील नोंदी पाहून त्याची आठवण व्हावी असें क्वचितच घडतें, हें खेदानें म्हणावें लागतें.

(४)

या दोन पक्षांपैकीं संशोधकास कोणता हितकर? मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचें उदाहरण घेऊं. १८०४ सालीं ही संस्था लिटररी सोसायटी ऑफ बाँबे या नांवानें जन्मली. तिच्या निबंधांचे तीन खंड १८१९, १८२० व १८२३ या सालीं लंडनमध्यें छापले गेले. पुढें ती रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली आणि १८४१ पासून तिचें जर्नल निघूं लागलें. १९२५ सालीं त्या जर्नलची नवी मालिका सुरू होऊन खंड पुन्हां एकपासून मोजले गेले. १९५४ सालीं शाखेचा संबंध सुटून ती एशियाटिक सोसायटी ऑफ बाँबे झाली, आणि २००२ सालीं बाँबेचें मुंबई झालें.

अखेरच्या नांवाचा पक्ष घेतला तर १८४१ चा खंड २००२ सालच्या नांवाखालीं शोधावा लागेल. ज्याच्या हातीं जुन्या ग्रंथाच्या तळटीपेंतील संक्षिप्त नांव आहे त्यास भविष्य ठाऊक असावें अशी ही अपेक्षा आहे. शिवाय नांव बदलेल तितक्या वेळां सर्व नोंद पुन्हां लिहावी लागेल. या पक्षाचा एक गुण मात्र नाकारतां येत नाहीं. सर्व संच एका ठिकाणीं दिसतो. आदि, मध्य व अंत एका दृष्टिक्षेपांत येतात.

क्रमिक पक्ष घेतला तर प्रत्येक खंड त्याच्यावर छापलेल्या नांवाखालींच सांपडतो. तळटीपेंतील नांव व सूचींतील नांव एक राहतें. संशोधकास हाच पक्ष ग्राह्य आहे, कारण आधार देतांना आपण नेहमीं तत्कालीन नांवानेंच आधार देतों. परंतु या पक्षाचें सर्व बळ मागील व पुढील नांवांच्या निर्देशांत आहे. ते निर्देश गाळले तर एका देहाचे चार तुकडे चार कपाटांत जातात, आणि प्रत्येक तुकडा अपूर्ण दिसतो. माझ्या कैफियतीचें नेमकें हेंच झालें. क्रमिक नोंद घेतली आणि निर्देश सोडला, तर दोन्ही पक्षांचे दोष पदरीं पडतात व गुण एकाचाहि मिळत नाहीं.

हस्तलिखितांचा संग्रह करणारांस हें सहज पटेल. पोथीचीं पानें सुटीं झालीं तर आपण शेवटच्या पानावरील पुष्पिका, पानांवरील अंक व समासांतील ग्रंथाचें आद्याक्षर पाहून तीं जुळवितों, आणि जुळविण्यापूर्वीं एकहि पान टाकीत नाहीं. नियतकालिकाच्या नोंदींतील मागचा व पुढचा निर्देश हेंच त्याचें समासांतील आद्याक्षर होय.

(५)

तत्त्वतः क्रमिक पक्ष मान्य केला तरी त्याचे तपशील परकीय भाषांवरून बेतलेले आहेत, आणि मराठीस ते जसेच्या तसे बसत नाहींत. येथें चार मुद्दे सांगतों.

पहिला मुद्दा पदाचा. नव्या नियमांप्रमाणें नांवाच्या पहिल्या पांच शब्दांत बदल झाला तर तो सामान्यतः मोठा, आणि त्यापुढें झाला तर बहुधा किरकोळ. इंग्रजींत शब्द म्हणजे काय हें डोळ्यांस दिसतें. संस्कृतप्रचुर मराठीनांवांत तें दिसत नाहीं. पाणिनीच्या व्याकरणांत ज्याच्या अंतीं विभक्तीचा किंवा क्रियापदाचा प्रत्यय आहे तें पद. समास कितीहि लांब असला तरी तें एकच पद. विविधज्ञानविस्तार हें जोडून लिहिलें तर एक शब्द, तोडून लिहिलें तर तीन. मंडळाचें नांव सुटें लिहिलें तर भारत, इतिहास, संशोधक, मंडळ हे चार शब्द होऊन त्रैमासिक हा नेमका पांचवा येतो. समास जोडला तर तोच दुसरा ठरतो. जोडशब्द व सुटे शब्द यांतील फरक नियमकर्त्यांनीं किरकोळ मानला आहे, हें योग्यच झालें. परंतु पांचाची मोजणी कोणत्या रूपावर करावी हें मराठी ग्रंथालयांनीं आपसांत ठरविल्यावांचून दोन सूचींत एकच निर्णय होणार नाहीं. माझ्या मतें समास हें एक पद मानावें, मग छापणारानें तें तोडलेलें असो वा जोडलेलें.

दुसरा मुद्दा शुद्धलेखनाचा व वर्णक्रमाचा. १९६२ पासून मराठींतले अनुच्चारित अनुस्वार गेले. 'साधनें' याचें 'साधने' झालें. प्रस्तुत लेखकाचा हात जुन्याच वळणास चिकटून राहिला आहे, पण नवीं ग्रंथालयें नव्या वळणानें नोंदी करतात. नियमाप्रमाणें हा बदल किरकोळ आहे आणि नवी नोंद करावयाची नाहीं. तथापि संगणकास किरकोळ म्हणजे काय तें सांगितल्यावांचून कळत नाहीं. एका रूपानें शोधणारास दुसरें रूप मिळत नाहीं. तसेंच 'ज्ञ'चें आहे. शाळेच्या मुळाक्षरांत तो शेवटीं, व्युत्पत्तीनें ज व ञ यांचा संयोग. ज्ञानप्रकाश व ज्ञानोदय हीं एका सूचींत ज मध्यें तर दुसरींत ह, ळ व क्ष यांच्या मागें सांपडतात. कोणतीहि एक रीत चालेल; परंतु ती सूचीच्या आरंभीं छापलेली असावी. मासिक मनोरंजनाचें नांवहि कोणी 'मा'मध्यें घालतो, कोणी 'म'मध्यें. अशा ठिकाणीं दोन्हीकडे नोंद करण्यास खर्च थोडा आणि उपयोग मोठा.

तिसरा मुद्दा परिभाषेचा. जुन्या मराठी मासिकांत एका वर्षाच्या अंकांस 'पुस्तक' म्हणत. 'पुस्तक ५, अंक ३' याचा अर्थ पांचव्या वर्षाचा तिसरा अंक. हें न जाणणाऱ्या नोंदकारानें 'पुस्तक ५' हा पांच क्रमांकाचा ग्रंथ समजून त्यास ग्रंथांत नेऊन बसविल्याचीं उदाहरणें मीं पाहिलीं आहेत. पुस्तक, खंड, वर्ष, माला, अंक हे शब्द त्या त्या नियतकालिकानें ज्या अर्थानें वापरले त्याच अर्थानें, त्याच शब्दांत नोंदीवर उतरले पाहिजेत.

चौथा मुद्दा कालगणनेचा. शके १८४२ हें १९२० च्या वसंतांत सुरू होऊन १९२१ च्या वसंतांत संपतें. शकांत ७८ मिळविले म्हणजे साल निघालें, असा सरळ हिशेब जो करतो त्याचे पौष व माघांतले बहुतेक सर्व अंक, आणि फाल्गुनांतले तर सर्वच अंक, एका वर्षानें मागें पडतात. ज्या प्रश्नांत एका वर्षाच्या अंतरानें कोणी शोध प्रथम लावला याचा निर्णय होतो तेथें ही चूक क्षुल्लक नाहीं. म्हणून अंकावर जो शक छापला असेल तो तसाच लिहावा, आणि इसवी सन त्यापुढें वेगळा, नोंदकाराचा म्हणून, द्यावा.

(६)

याहून गहन प्रश्न अंतर्गत ग्रंथांचा आहे. आपल्या कित्येक मासिकांनीं क्रमशः छापलेल्या बखरीस किंवा पत्रसंग्रहास स्वतंत्र पृष्ठांक दिले. वाचकानें वर्षाअखेर तीं पानें काढून वेगळें पुस्तक बांधावें असा त्यांत हेतु असे. गिऱ्हाइकाची ती सोय होती, पुढल्या संशोधकाचें मात्र त्यांत मोठें नुकसान झालें. पानें काढलेलें मासिक अपूर्ण झालें, आणि काढलेल्या पानांचें पुस्तक निनांवी व निःसाल झालें. वेष्टणावर छापलेलें संपादकाचें निवेदन, पोहोंच, शुद्धिपत्र, पुढील अंकाची सूचना, कागद कोणाच्या संग्रहांतून आला याचा आभारपूर्वक उल्लेख, हें सर्व बांधणाराच्या कातरीखालीं गेलें. हस्तलिखित कोणाकडून मिळालें हें आज कळण्याचें एकमेव ठिकाण कधीं कधीं तें रंगीत वेष्टणच असतें. दिवाळी अंकांची गतहि वेगळी नाहीं. मासिक मनोरंजनानें १९०९ सालीं पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हांपासून असे जाडजूड विशेषांक कोठें संचांत, तर कोठें स्वतंत्र पुस्तक म्हणून ठेवलेले आढळतात.

नियमांत यास उत्तर नाहीं असें नाहीं. एका नियतकालिकांतील स्वतंत्र ग्रंथाची वेगळी विश्लेषक नोंद करून ती मूळ नोंदीस जोडण्याची सोय सर्व संहितांत आहे. परंतु ती ग्रंथपालाच्या इच्छेवर सोडलेली आहे, आणि जें इच्छेवर असतें तें कामाच्या गर्दींत राहून जातें. इंग्रजी मासिकांपुरतें तें चालेल. मराठी इतिहासमासिकांत जेथें अंतर्गत ग्रंथ हाच मुख्य ऐवज आहे तेथें ही नोंद आवश्यक मानली पाहिजे. मासिकाचें नांव हा रुमाल आहे. आपणांस रुमालाची नव्हे, आंतील कागदाची यादी हवी असते.

या बाबतींत पूर्वसूरींनीं केलेलें काम विसरतां येत नाहीं. शंकर गणेश दाते यांनीं १८०० ते १९३७ या काळांतील मराठी ग्रंथांची सूची १९४३ सालीं प्रसिद्ध केली. पुढें दाते, काळे व बर्वे यांची १८०० ते १९५० पर्यंतच्या मराठी नियतकालिकांची सूची मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयानें काढली. संस्कृत पंडितांस ऑफ्रेक्टच्या सूचींनीं जसे डोळे दिले तसे या सूचींनीं मराठी संशोधकास दिले. परंतु कोणतें मासिक होतें हें कळल्यावर त्याचा कोणता अंक आज कोठें आहे हा प्रश्न उरतोच. तें सांगणारी, निरनिराळ्या ग्रंथालयांतील अंकांची अंकवार संयुक्त यादी आपल्याला हवी आहे.

(७)

येथें दोन आक्षेप संभवतात. पहिला असा कीं, तालुक्याच्या ग्रंथालयांत एक लेखनिक, तोच पुस्तकें देतो व तोच वर्गणी वसूल करतो. त्याच्याकडून एवढ्या सूक्ष्म नोंदींची अपेक्षा करणें अन्याय आहे. आक्षेप खरा आहे. म्हणूनच मी संहितेचे सर्व नियम पाळा असें म्हणत नाहीं. जें न केल्यास अंक नष्ट होतो तेवढेंच करा असें म्हणतों.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा. आतां सर्व मासिकांचीं छायाचित्रें घेऊन संगणकावर ठेवतां येतात. मग नोंदीची चिंता कशास? यास उत्तर एवढेंच कीं, छायाचित्र कपाटांतील गोंधळ दूर करीत नाहीं, त्याची नक्कल करतें. वेष्टणें काढलेल्या, दोन नांवांचे अंक एकत्र शिवलेल्या आणि पाठीवर चुकीचें साल असलेल्या खंडाचें छायाचित्र हें चुकीच्या सालाचेंच छायाचित्र असतें. शिवाय चित्र निघाल्यावर मूळ अंक ठेवण्याची गरज नाहीं असें वाटूं लागतें, आणि मग चूक दुरुस्त करण्याचें साधनहि जातें. चित्रें अवश्य घ्यावीं. पण अगोदर अंक जुळवावे, मग घ्यावीं.

तेव्हां ग्रंथालयांच्या चालकांपुढें पुढील सूचना नम्रपणें ठेवतों.

(अ) नियतकालिकाच्या प्रत्येक नांवाची नोंद वेगळी करावी, परंतु मागील व पुढील नांवाचा निर्देश केल्यावांचून ती नोंद पुरी झाली असें समजूं नये.

(आ) ज्या नियतकालिकाचीं नांवें बदललीं असतील त्याची सर्व नांवांची, सालवार वंशावळ एका पत्रिकेवर लिहून ती प्रत्येक नोंदीच्या पाठीशीं ठेवावी. अखेरच्या नांवाच्या पक्षाचा जो गुण तो येणेंप्रमाणें आपोआप पदरांत पडतो.

(इ) पुस्तक, खंड, वर्ष, अंक, शक हे अंकावर जसे असतील तसे लिहावे. आपला तर्क वेगळा लिहावा.

(ई) 'अपूर्ण' असा मोघम शेरा मारूं नये. कोणते अंक आहेत व कोणते नाहींत तें मोजून लिहावें.

(उ) बांधणीच्या वेळीं वेष्टणें व जाहिरातींचीं पानें काढूं नयेत. तीं जागच्या जागीं ठेवणें शक्य नसेल तर खंडाच्या शेवटीं बांधावीं.

(ऊ) क्रमशः छापलेल्या प्रत्येक बखरीची, कैफियतीची व पत्रसंग्रहाची स्वतंत्र नोंद करून तींत सर्व हप्त्यांचे अंक द्यावे.

(ए) नियतकालिकाचा कोणताहि अंक रद्दींत घालण्यापूर्वीं त्याच्या मागील व पुढील नांवाचे संच आपल्या व शेजारच्या ग्रंथालयांत पाहावे, आणि जवळच्या संशोधनसंस्थेस कळवून पंधरा दिवस थांबावें.

यांतील शेवटच्या सूचनेस पैसा लागत नाहीं. एक पत्र व पंधरा दिवस एवढाच तिचा खर्च आहे. तेवढा खर्च त्या वेळीं झाला असता तर एका घराण्याच्या इनामाची मित्ती आज आपल्या हातीं असती.

राहिला आपणां संग्राहकांचा भाग. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं जुन्या मासिकांचे सुटे, आरंभ वा अंत नसलेले अंक माळ्यावर पडून असतील. पोथ्यांची यादी आपण हौसेनें करतों. या अंकांची करीत नाहीं, कारण ते छापलेले आहेत. माझी विनंति अशी कीं, या त्रैमासिकाच्या प्रत्येक वाचकानें आपल्याकडील अशा अंकांची, वर सांगितलेल्या रीतीनें, नांव, पुस्तक, अंक व शक देऊन एक साधी यादी करावी आणि संस्थेकडे पाठवावी. ज्यास आपण तुटका संच म्हणतों तो दुसऱ्या कोणाच्या तुटक्या संचाचा उरलेला अर्धा असण्याचा संभव असतो. माझ्या घरच्या एकशें सात अंकांची यादी मीं या लेखाबरोबरच पाठविली आहे.